मगबाईंचं मागचं दार

आमच्या बाईंनी आयुष्यात कुणाला 'शाबास' म्हटल्याचं मला आठवत नाही. गणित चुकलं तर त्या रागावत नसत आणि बरोबर आलं तर खूशही होत नसत. पाटीवर नजर टाकायची, "बरोबर," म्हणायचं आणि चष्म्यावरून बघत विचारायचं, "मग?" तेरा साते एक्क्याण्णव, बरोबर, मग? एक्क्याण्णव काय? बोंबील, विटा, की दिवस? ते सांगितल्याशिवाय पाटी पुसू देत नसत. समुद्रकाठच्या दांडी गावच्या शाळेतली आम्ही पोरं त्यांना पाठीमागे मगबाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझी अशी समजूत आहे की ते त्यांना आवडायचंही.

बाई दांडीच्याच. घर मासेमारीचं, आणि त्या घरातून शिकून मास्तरीण झालेल्या त्या पहिल्या. वर्गात त्यांचं बोलणं पुस्तकासारखं, शाळा सुटली आणि शेजारची हिराकाकू मासळीची टोपली घेऊन दिसली की त्याच तोंडून "काय गं, आज काय नाय वाटतं?" असं निघायचं. माझे वडील सांगलीकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आलेले. आमची भाषा तिसरीच, त्यावरून पोरं मला चिडवायची. बाईंनी एकदाच वर्गाला सांगितलं, "ज्या भाषेत आई जेवायला बोलावते, ती भाषा अशुद्ध नसते." त्यानंतर मला कुणी चिडवलं नाही.

पुढे मी बोईसरच्या एका रसायन कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात लागलो. बाई निवृत्त झाल्या. त्यांचे यजमान गेले, मुलगी सुलभाताई बंगळुरूला स्थायिक झाली, आणि बाई दांडीच्या घरात एकट्या राहू लागल्या. मी अधूनमधून रविवारी जायचो. अशाच एका रविवारी खिशातून एक छोटा कॉम्प्युटर काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. बोटाएवढी हिरवी पट्टी, दोन्ही कडांना सोनेरी टिकल्यांची रांग, आणि इतकी स्वस्त की हरवली तरी हळहळ वाटू नये.

"हा अख्खा कॉम्प्युटर आहे, बाई," मी म्हणालो.

बाईंनी तो चष्म्याजवळ नेला, उलटा केला. "मग?"

"मग म्हणजे... याच्याकडून काहीही करून घेता येतं."

"काहीही करता येतं म्हणजे अजून काहीच करत नाही," बाई म्हणाल्या. "याला कामाला लाव."

पुढचे दोन-तीन महिने तो आमचा खेळच झाला. मी गेलो की बाईंनी एखादं काम काढून ठेवलेलं असायचं. टाकी भरली की मोटर आपोआप बंद होईल का? झाडांची माती सुकली की दिवा लागेल का? हिराकाकूने ऐकलं आणि तिने आपलं काम पुढे केलं. बोंबील बांबूवर वाळत घालून ती बाजारात जायची, तेवढ्यात हवा फिरली तर माल ओला व्हायचा. मी हवेतला दमटपणा मोजणारी घंटा लावून दिली. पहिल्याच आठवड्यात काकूने निकाल दिला, "तुजी घंटा वाजते तवा आमी आदीच भिजलेलो आसतो." बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

स्वतःचं काम बाईंनी सगळ्यांत शेवटी सांगितलं. सुलभाताई रोज सकाळी फोन करायची. "मी जिवंत आहे का ते बघायला करते आणि विचारते भाजी काय केली," बाई म्हणाल्या. "तिलाही धाकधूक, मलाही जाच. मी सकाळी उठून आंघोळ झाली की मागचं दार उघडते. इतक्या वर्षांत चुकलेलं नाही. साडेसातपर्यंत दार उघडलं नाही तर तुझा हा पोपट ओरडेल का?"

ओरडेल, मी म्हणालो. दाराला चुंबकाचा स्विच बसवला, चौकटीवर ती पट्टी. साडेसातपर्यंत दार उघडल्याची खूण पोचली नाही तर माझ्या फोनवर निरोप येणार. मी सुलभाताईचाही नंबर टाकायला गेलो तेव्हा बाईंनी माझा हात धरला. "तिला नको. ती तिकडे घाबरून जाईल आणि तिथून करणार काय? तू जवळ आहेस. तू आधी बघायचंस, मग तिला कळवायचंस. बघशील ना?"

"बघेन," मी म्हणालो. बाईंनी सुलभाताईला यंत्राचं सांगितलं आणि त्या दिवसापासून तिचा रोजचा फोन बंद झाला.

या दाराने मला लहानसं नाव मिळवून दिलं. कारखान्यात साहेबांनी कौतुक केलं. मी त्याची चित्रफीत केली, ती पुष्कळ फिरली, आणि आसपासच्या शाळांतून 'छोट्या कॉम्प्युटरचे उपयोग' या विषयावर बोलायला बोलावणी येऊ लागली. वाणगावला गेलो, डहाणूला गेलो. सगळीकडे शेवटी दाराची गोष्ट सांगायचो आणि टाळ्या पडायच्या.

पावसाळा लागला आणि खोटे निरोप सुरू झाले. वीज गेली की यंत्र आणि नेट दोन्ही बंद पडायचं, खूण पोचायची नाही, आणि दार उघडलेलं असूनही माझ्या फोनवर ओळ यायची, 'मागचं दार उघडलं नाही.' पहिल्यांदा मी भर पावसात मोटरसायकलवरून दांडीला गेलो. बाई ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. "आहे रे, आहे," त्या म्हणाल्या आणि मला डोकं पुसायला टॉवेल दिला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मी फोन केला. बॅटरी बसवली की हे थांबणार होतं. अर्ध्या तासाचं काम. बॅटरी माझ्या घरी आणून ठेवलेली होती. या रविवारी जातो, पुढच्या रविवारी जातो, असे पाच रविवार गेले. मग एका सकाळी मी त्या निरोपांचा आवाजच बंद करून टाकला. बाईंना सांगितलं नाही.

त्यानंतर एके दिवशी पालघरच्या एका शाळेत माझं भाषण होतं. सभागृह भरलेलं. मी माझा फोन भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला आणि दाराची रोजची नोंद उघडून दाखवली. सगळ्यांत वर त्याच दिवसाची, साडेसातची ओळ होती. मागचं दार उघडलं नाही. तेव्हा अकरा वाजत आले होते.

पहिल्या रांगेत एक शिक्षिका बसल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "सर, हे आजचंच आहे ना?"

"हो," मी हसलो. "पावसात नेट जातं, मग असं होतं."

"फोन करून बघता का?"

"करतो, नंतर करतो," मी म्हणालो, आणि पुढे बोलत राहिलो. बाहेर पाऊस नव्हता, ते खिडकीतून मला दिसत होतं. तरी अर्धा तास बोललो. मुलं हसली, टाळ्या पडल्या, मला नारळ आणि शाल दिली. चहाचा कप हातात घेऊन मी बाईंना फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावणार तेवढ्यात हिराकाकूचाच आला.

"बाई पडल्यात मोरीत. दुदाची पिशवी दाराशी तशीच, म्हनून दार फोडलं. तू ये."

बाई सहा वाजता आंघोळीला गेल्या आणि पाय घसरला. खुबा मोडला. काकू बाजारातून येईपर्यंत त्या ओल्या फरशीवर पडून होत्या. काकूची सून बाळाला घेऊन भिंतीपलीकडेच होती. मी तिला एक फोन केला असता तर दोन मिनिटांत ती पोचली असती. तिचा नंबर माझ्याकडे होता.

बोईसरच्या दवाखान्यात बाईंना शुद्ध होती. चेहरा मेणासारखा झालेला. मला बघून त्यांनी हात पुढे केला.

"पहिल्यांदा दोन-तीन हाका मारल्या मी," त्या म्हणाल्या. "मग आतल्या घड्याळाचे टोले ऐकले, म्हटलं, आता साडेसात होतील, आता विलासला कळेल. मग नाही ओरडले. शेजारी बाळ झोपलेलं, उगाच कशाला. म्हटलं, तू निघाला असशील."

ते यंत्र दाराला नसतं तर बाई ओरडत राहिल्या असत्या. बादली आपटली असती. माझ्या भरवशावर त्या गप्प पडून राहिल्या.

"बाई, नेट नव्हतं," मी म्हणालो.

"असेल," बाई म्हणाल्या. "पावसाळ्यात असायचंच."

सुलभाताई विमानाने आली तेव्हा बाईंनीच तिला सांगितलं, याचा काही दोष नाही, नेट गेलं होतं. सुलभाताईने माझे दोन्ही हात धरले आणि आभार मानले. मी मान खाली घालून उभा राहिलो. माझं गप्प राहणं तिला माझा चांगुलपणा वाटला.

बाईंना दांडी सोडायची नव्हती. पण शस्त्रक्रियेनंतर आधाराशिवाय चालणं संपलं, आणि सुलभाताई त्यांना बंगळुरूला घेऊन गेली. गाडी निघाली तेव्हा हिराकाकू सुलभाताईवर ओरडत होती, "तिकडं सुका बोंबील मिलतो का गं? मी धाडीन, तू नाय म्हनू नको." बाई पुढच्या सीटवर बसून समुद्राच्या बाजूला बघत होत्या. दोघी मैत्रिणींनी एकमेकींचा निरोप असा घेतलाच नाही.

तिकडे गेल्यावर आठव्या दिवशी सकाळी साडेसातला माझा फोन वाजला. "उठले मी," बाई म्हणाल्या आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. आपल्यामुळे पोराच्या मनाला लागलं असेल, म्हणून त्या करत असाव्यात. मी रोज "बरं, बाई," म्हणायचो आणि कामावर जाताना दिवसभर ते दोन शब्द सोबत घेऊन फिरायचो. शाळांची भाषणं मी बंद केली होती, त्याने काही होत नव्हतं. चार महिन्यांनी एका सकाळी "उठले मी," ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, त्या दिवशी नेट होतं."

त्यांनी फोन ठेवला नाही. मी सगळं सांगितलं. बंद केलेला आवाज, आणून ठेवलेली बॅटरी, पडद्यावरची ओळ.

"बघितलंस, त्यानंतर किती वेळ बोलत होतास?"

"अर्धा तास."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "सांगितलंस, ते ठीक केलंस," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी मी केला, तो सुलभाताईने उचलला. "आई म्हणते, आता रोज नको," ती म्हणाली. कारण तिला ठाऊक नव्हतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

बाई पुढच्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला गेल्या. सुलभाताईने हिराकाकूला कळवलं आणि लगेच मला. ती रडत होती. "त्या पडण्यानंतर सव्वा वर्ष आई मला मिळाली, ती तुझ्यामुळे," ती म्हणाली. "तुझं ते यंत्र होतं म्हणून तिने धीर धरला. इथे सगळ्यांना मी हेच सांगते."

म्हणजे बाईंनी शेवटपर्यंत तिला सांगितलं नव्हतं. मी नुसतं "हो" म्हणालो असतो तरी चाललं असतं. ही गोष्ट आता माझ्याशिवाय जगात कुणालाच ठाऊक नव्हती.

"सुलभाताई, तसं नाही," मी म्हणालो. "मला काहीतरी सांगायचंय. थोडा वेळ आहे का?"

तिने नाक पुसल्याचा आवाज आला. कुणाला तरी तिने दार लावून घ्यायला सांगितलं. मग म्हणाली, "बोल."