मागून खाणारी पांढरी

त्या पांढऱ्या घोडीला मी तीन महिने 'शहाणी' म्हणत होते. आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो, आणि तो राग दुसऱ्या कुणावर काढायची सोय नाही.

गुंद गावाजवळ आमचं भाताचं शेत आहे. सुगी झाली की ते पावसाळ्यापर्यंत मोकळं पडतं. पलीकडच्या रिसॉर्टच्या मालकाने तिथे आपले चार घोडे सोडले. सकाळ-संध्याकाळ पाहुण्यांना फिरवायचं, बाकी वेळ आमच्या शेतात. त्यांचं खाणंपिणं बघायचं काम माझ्याकडे आलं. मी जन्मभर म्हशी सांभाळलेल्या. घोड्यालाही चार पायच असतात, त्यात काय एवढं, असं म्हणून मी कामाला लागले. वाऱ्याने पडलेल्या आमच्या फणसाच्या ओंडक्याची नवऱ्याने लांब गव्हाण कोरून दिली. ती शेताच्या मधोमध ठेवली. सकाळी तिच्यात चंदी ओतायची, म्हणजे भिजवलेला हरभरा आणि कोंडा, शेजारी गवताचा भारा सोडायचा आणि घरी पळायचं. घरी धारा, चूल, पाणी सगळं खोळंबलेलं असायचं.

चंदी पडली की घोडे धावत सुटत. सगळ्यांत पुढे काळी. कान मागे पाडून, दात दाखवून ती आधी तांबड्याला हाकलायची, मग ठिपक्याला. पांढरी धावतच नसे. ती किंदळीच्या झाडाखाली उभी राहायची आणि सगळ्यांचं झालं की सावकाश येऊन गव्हाणीत तोंड घालायची. निघता निघता मला लांबून एवढंच दिसायचं, आणि त्याचं मला भारी कौतुक.

शेजारणीला मी सांगायचे, "त्या काळीला हाय का काही वळण? ही बघ कशी शहाणी. समद्यांचं झाल्याबिगर तोंड घालत न्हाई."

"तुझ्या सुनेगत," शेजारीण म्हणायची, आणि मला बरं वाटायचं. सून घरात येऊन वर्ष झालं होतं. ती सगळ्यांच्या मागून जेवते, हे भावकीत चांगलं बोललं जात होतं. माझ्या सासूनेही मला चारचौघांत शहाणीच म्हटलं होतं. त्या एका शब्दावर मी तीस वर्षं काढली.

मग एका शनिवारी मालक आला. पांढरीवरचं खोगीर घसरतं, अशी कुणा पाहुण्याने तक्रार केली होती. त्याने तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला.

"म्हातारी झाली, मावशी. खाल्लेलं अंगाला लागत न्हाई. फुडच्या ऐतवारी गाडी येतीया. वरातीवाल्याला देऊन टाकतो."

वरातीचा घोडा मी पाहिलेला आहे. डांबरावर दिवसभर उभं राहायचं, कानाशी फटाके, पाठीवर नवरदेव. ही एक लग्नसराईसुद्धा काढणार नाही, हे मला दिसत होतं. "आधी डाक्टरला दावते, मग न्या," मी म्हणाले.

तालुक्याच्या गावाहून, जोयड्याहून, जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पांढरीचं तोंड उघडून दात बघितले. "अक्का, दात बरे हाईत. वय बी फार न्हाई." मग माझा हात धरून तिच्या कुशीवर दाबला. थंडीची लव एवढी दाट होती की वरून काही कळत नव्हतं. आत बोटं फासळ्यांच्या मधे रुतली.

"किती खाती?" त्यांनी विचारलं.

"पोटभर. शहाणी हाय, मागनं खाती."

"मागनं काय उरतं?"

तीन महिन्यांत मी ते कधी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरचं काम राहू दिलं आणि बांधावर बसून राहिले. काळीने खाल्लं, तांबड्याने खाल्लं, ठिपक्याने तर गव्हाणीचा तळ चाटून काढला. भाऱ्यातलं निम्मं गवत काळीच्या पायाखाली होतं आणि ती तिथून हलत नव्हती. मग माझी शहाणी आली. ओलं लाकूड चाटत राहिली, बराच वेळ. तिचं सावकाश खाणं म्हणजे हे! मी तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या, काळीला, मालकाला, नवऱ्याच्या त्या गव्हाणीला. पण थुंकी माझ्याच अंगावर उडत होती. काळी तर जनावर. मला तरी डोळे होते की नाही? म्हशी मी दावणीला बांधून घालते, ज्याचं त्याच्यापुढे. इथे मोकळं सोडून एकाच ठिकाणी ओतलं होतं. बळी तो कान पिळी, आणि वर मी उपाशी राहणारीचं कौतुक करत होते.

गोणपाटाचे चार तोबरे, तोंडाला अडकवायच्या पिशव्या, शिवले आणि गव्हाण ओढून बाहेर काढली. प्रत्येकाच्या तोंडाला त्याचा त्याचा तोबरा, त्याची त्याची चंदी. पहिला काळीला, लांबच्या कोपऱ्यात बांधून; नाहीतर बाकीच्यांचे बांधूच देत नाही. गवताचे ढीग मात्र चार घोड्यांना पाच. काळी एकाला उठवते, तो दुसऱ्याच्या ढिगावर जातो, उठलेल्याला कुठेतरी मोकळा ढीग लागतोच. पहिल्या दिवशी ढीग जवळजवळ टाकले, तर काळी पाचांवरही राज्य करायला लागली. दुसऱ्या दिवशी वीस-वीस पावलांवर टाकले.

पांढरीला काही दिवस गोठ्याच्या कुंपणात एकटीला घातलं. तिथे तिच्यावर धावून येणारं कुणी नव्हतं. तरी प्रत्येक घासाला ती मान वर करून फाटकाकडे बघायची.

मालकाला हे पसंत पडलं नाही. "मावशी, चौघं एकदम पळत येत्यात, ते बघायलाच पावणे लवकर उठत्यात. फोटो काढत्यात."

"मग पावण्यांस्नीच पळवा की," मी म्हणाले. "शेत माझं हाय. तिची गाडी आली तर उरलेली तिघंबी त्याच गाडीत घाला."

त्याने महिन्याची मुदत दिली.

महिन्याने तो आला. पांढरीच्या कुशीत त्याने बोटं दाबली. ती रुतली नाहीत. दुसऱ्या बाजूनेही दाबून बघितली. "ऱ्हाऊ दे मग हितंच," एवढंच म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी त्याला जेवायलाच थांबवलं.

मालक, नवरा, मुलगा आणि मी बसलो. सून वाढत होती. दुसऱ्यांदा भात घेताना मालक म्हणाला, "सून शहाणी हाय हं, मावशी. समद्यांचं झाल्याबिगर बसत न्हाई."

माझा हात ताटातच थांबला. उठले, चुलीपाशी गेले आणि भाताच्या टोपावरचं झाकण काढलं. तळाला करपलेली खरड होती. आमटीच्या भांड्यात पळी तळाला टेकत होती.

"रोज एवढंच उरतं?" मी विचारलं.

"पुरतं की, आत्ती. सवय हाय."

तिचं मनगट धरलं. बांगड्या सरसर कोपरापर्यंत गेल्या. घोडीच्या फासळ्या मी महिनाभर रोज चाचपत होते, आणि हे मनगट वर्षभर मला वाढत होतं.

"अजून थोडा भात येऊ दे," बाहेरून मुलगा म्हणाला.

"न्हाई येणार!" मी ओरडले. "भात संपला. समद्यांनी गिळला, मीबी गिळला. आता तिच्यापुरता शिजंस्तवर कुणी हाक मारायची न्हाई."

मी भात टाकला, शिजल्यावर तिला ताटभर वाढला आणि तिच्यापुढे बसले. ती नको नको म्हणत बसली. जेवायला लागली, आणि प्रत्येक घासाला मान वर करून दाराकडे बघत राहिली.