पाटाकडेचा पुदिना

माझ्या वहिनीनं न धुतलेला पुदिना वाटून पाहुण्यांना वाढला, असं आमच्या भावकीत आजही बोललं जातं. ते खोटं आहे, आणि ते उठवलं मी.

कोल्हापूरजवळ दादाचा आणि माझा ऊस शेजारी-शेजारी, पाण्याचा पाट एकच. पाटाच्या कडेनं पुदिना आपोआप माजायचा. वहिनी तो खुडून मिरची-लसूण घालून पाट्यावर वाटायची. म्हणून तिथं तणनाशक मारायचं नाही, असा दादानं माझ्याकडून शब्द घेतला होता.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. भांगलणीला, तण काढायला, बायका मिळेनात. एका संध्याकाळी दादा गावात गेलेला पाहून मी पंप पाठीवर घेतला आणि ती कड फवारून टाकली.

दुसऱ्या दिवशी पुतणीला बघायला पाहुणे आले. ताटं वाढून झाली. मुलाच्या आईनं चटणीच्या वासाचं कौतुक केलं, तसा दादा खुलला. "आमच्या पाटावरचा हाय. सकाळीच खुडलाय."

माझा घास हातातच राहिला. फवारलेली पानं लगेच कोमेजत नाहीत, वहिनीला कळणार कसं? त्या बाईंनी भाकरीचा तुकडा चटणीला लावला. खरं बोललो तर सगळ्यांदेखत शब्द मोडणारा ठरणार होतो. मी उठलो आणि त्यांचं ताट ओढलं.

"खाऊ नका पावणं, माती हाय ह्यात." मग वहिनीकडे वळलो. "धुवायला काय झालंतं? घाण खायला घालताय व्हय?"

तीन पाण्यांनी धुतलाय, असं ती हळूच म्हणाली. मी आवाज चढवून तिला गप्प केलं आणि सगळी चटणी उकिरड्यावर नेऊन पुरली. कुणाला काही झालं नाही. पण पाहुण्यांचा निरोप आला नाही. आठवड्यात पुदिना वाळला, तेव्हा दादाला मी उन्हानं करपला म्हणून सांगितलं. वहिनीनं पुन्हा कधी पुदिन्याला हात लावला नाही.

दादा गेला. गेल्या महिन्यात मी वहिनीला सगळं सांगितलं. ती शेंगा फोडत होती. हात थांबले नाहीत.

"एवढंच कानात सांगायचं हुतं की, भावजी. हातनं सांडली म्हणून मीच चटणी टाकून दिली असती." मग म्हणाली, "मला सांगून काय उपेग? पोरीला सांगा. आईमुळं मोडलं म्हणून ती अजून मनात धरून हाय."

हे लिहिलं, ते पहिल्यांदा पुतणीलाच वाचून दाखवलं. ती उठून आईकडे गेली.