धुऱ्यावरची चेरी

मागच्या संक्रांतीला बाबांना उठताना भिंत धरावी लागली आणि मी लगेच शहाणपणा केला. म्हटलं, "गुडघे सुधारले नाहीत, तर उन्हाळी धानाची बांधी दुसऱ्याला ठेक्यानं कसायला देऊन टाकू." बाबा गुडघा चोळत राहिले. मला वाटलं, पटलं.

मी फुलचूरला राहतो. मोबाइलवर दहा मिनिटं वाचलं की मी अर्धा डॉक्टर होतो. आंबट चेरीच्या अर्कानं सांध्यांची सूज उतरते, झोपही चांगली लागते, असं कुठंतरी वाचलं. खरे डॉक्टर म्हणाले, "थोडाफार फरक पडेलही, खात्री नाही. बीपीची गोळी मात्र सोडू देऊ नका." मी त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं आणि कॅप्सूलची मोठी डबी गावी पाठवली. बाबांनी चेरी आजवर फक्त केकवर पाहिलेली, तीही बाजूला काढून ठेवलेली.

मग रोज सकाळी माझी फोनवर तपासणी.

"बाबा, फरक?"

"पडून राहिला ना."

"डबी?"

"कमी होऊन राहिली."

डबी पोचली त्याच दिवशी इटियाडोह धरणाचं पाणी कालव्याला आलं, धानाची रोवणी लागली होती. चार दिवसांनी मी चेरीची करामत बघायला गेलो. बाबा धुऱ्यावरून, बांधीच्या बांधावरून, काठी टेकत, पूर्वीपेक्षा जास्तच लंगडत येत होते. रोवणाऱ्या बाया जेवायला बसल्या होत्या. बाबांनी खिशातून डबी काढली आणि प्रसाद वाटावा तशी एकेकीच्या हातावर एकेक कॅप्सूल ठेवली.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, हे काय? तुमच्यासाठी पाठवली होती ना?"

"मी त धुऱ्यावर बसून राहतो. दिवसभर वाकून कोन राहते? मायं दुखलं त एक मानूस बसते. यायची कंबर गेली त बांधीच जाते."

"मग फोनवर फरक पडला म्हणून कायले सांगत होते?"

"यायले पडून राहिला ना. या म्हनतात, झोप मस्त लागते."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी डबी हिसकावून घेतली. तळाशी एकच कॅप्सूल उरली होती. ती बाबांच्या हातावर ठेवली आणि गिळेपर्यंत समोर उभा राहिलो. त्यांनी घोटभर पाणी पिऊन तोंड उघडून दाखवलं, आणि मग हळूच विचारलं,

"घेतली. आता ठेक्याचं नाव नाही काढशील ना?"

इतके दिवस त्यांचं खरं दुखणं गुडघ्याचं नव्हतं, बांधी हातची जाईल याचं होतं. मला फार लाज वाटली. मी चपला काढल्या आणि बांधीत उतरलो.