इंजिनाचं सील

संत्र्याच्या झाडाला मुद्दाम तहानलेलं ठेवावं लागतं, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. थंडीत पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची आणि नेमक्या वेळी पाणी सोडायचं, की झाड फुलांनी लगडतं. याला ताण देणं म्हणतात. वेळ टळली तर झाड फुलत नाही, मरतं.

केळझरजवळच्या आमच्या बगीच्याचा त्या वर्षी पहिलाच बहार होता. बाबांनी वर्ध्याहून तेलावर चालणारं इंजिन आणून विहिरीवर बसवलं. वर्षभराची गॅरंटी! त्या भरवशावर मोटेचे बैल विकले, मोटेची लाकडं चुलीत गेली. मला तेव्हाच धस्स झालं होतं, पण पोरीला विचारतो कोण?

ताण तोडून पाणी सोडायच्या सकाळी इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. हँडल मारून मारून बाबांचे हात सोलले. खाली विहीर तुडुंब आणि वर झाडं कोरडी.

वर्ध्याचा दुकानदार म्हणाला, "कंपनीचा माणूस येईल. तोवर सील तोडू नका, नाहीतर गॅरंटी गेली."

कापसाच्या जिनिंगमधला फिटर इंजिन उघडायला तयार होता. आईनं बाबांना विनवलं, "तोडा नं ते सील. झाडं मरून राह्यली."

"पक्की पावती हाये माह्याजवळ. दुरुस्त करून देनं त्यायले भागच हाये. आपला हक्क काऊन सोडू?"

बाबांचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर मला त्यांचा जास्तच राग येई. ते वर्ध्याला खेटे घालत राहिले. शेजाऱ्यांच्या मोटा त्यांच्याच झाडांना पुरत नव्हत्या. आई दोर-बादलीनं पाणी शेंदून जवळच्या दोन-चार झाडांना घाली. बाकीच्यांची पानं आधी वळली, मग गळली. बगीच्यात पाऊल टाकलं की पायाखाली चुरचुरायचं. मी तिकडे जाणंच सोडलं.

शेवटी कंपनीचा माणूस आला. भला होता बिचारा. त्यानं भाग बदलला, नवं सील लावलं.

"पाह्यलं, एक पैसा घेतला नाई त्यानं," बाबा आईला म्हणाले.

इंजिन पहिल्याच हँडलला सुरू झालं. पाटात पाणी धो धो पडू लागलं. आईनं एका झाडाची फांदी वाकवली, ती कट्कन मोडली.

"आता हे पानी कोनाले पाजता?" तिनं विचारलं.

संध्याकाळपर्यंत मेलेल्या झाडांमधून पाणी वाहत राहिलं आणि इंजिन बंद करायची आमच्यापैकी कोणाची छाती झाली नाही.