मुक्ताच्या खोलीतला रेडिएटर

आज सकाळी या हिवाळ्यात पहिल्यांदाच बॉयलर सुरू केला आणि रेडिएटरवरची धूळ तापल्याचा करपट वास घरभर पसरला. मला ओटावातलं आमचं पहिलं, भाड्याचं घर आठवलं.

माझी लेक मुक्ता सातव्या महिन्यात जन्मली होती. कित्येक आठवड्यांनी, दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलमधून घरी येणार, आणि नेमका तिच्याच खोलीतला रेडिएटर गारढोण. माझा नवरा सुहास सारखा बेसमेंटमध्ये जाऊन बॉयलरचं प्रेशर वाढवायचा. पाइप धडधड वाजायचे, बाकीच्या खोल्या तापायच्या, ही खोली मात्र तशीच. "कुठल्या मुलखात आणताय लेकराला!" बाळंतपणासाठी भारतातून आलेली माझी आई म्हणाली. माझ्याही मनात तेच होतं.

शेजारची हेलन सूप घेऊन आली. पाइपांचा आवाज ऐकून म्हणाली, "प्रेशर कमी करा. एअर अडकली असेल, ती निघाल्याशिवाय स्टीम आत कशी येणार?"

सुहासने बॉयलर बंद केला. रेडिएटर नीट पाहिला, तर हवा सोडणाऱ्या व्हेंटचं भोक रंगाने बुजलेलं. त्याने नवा व्हेंट आणून बसवला, प्रेशर उतरवलं आणि बॉयलर पुन्हा लावला. आई, सुहास आणि मी रेडिएटरपाशी जमिनीवर बसून राहिलो.

आधी व्हेंटमधून हवा निघाल्याची बारीक फुसफुस ऐकू आली. मग वाफ पोचताच टिक करून व्हेंट मिटला आणि फुसफुस थांबली. लोखंड हळूहळू कोमट, मग चांगलं गरम झालं. त्या मुलखाची मला वाटणारी भीती किती छोट्या भोकात अडकली होती, हे आज कळतं. तेव्हा मी फक्त रडत हसत होते.

आईने मुक्ताची इवलीशी झबली आणून रेडिएटरवर पसरली. "आण गं आता तिला," ती म्हणाली.