मी ‘ब’ लिहिला

माझं तोंड भिंतीवर दिसलं. माणसाच्या उंचीएवढं. पुढचे दात, त्यातला एक किडलेला, हिरडीवर मिश्रीचे डाग, आणि दातांत धरलेला सोयाबीनचा दाणा. कंपनीच्या ट्रेनिंग हॉलात पडदा लावला होता, समोर सगळी कंपनी बसली होती. व्हिडिओत मी दाणा फोडते, मान हलवते, बाजूला थुंकते. साहेबांनी तो बरोबर थुंकताना थांबवला.

“हे बघा,” ते म्हणाले. “आजच्या काळात आपल्याकडे क्वालिटी अशी तपासतात. मेंढरासारखं चावून. आपल्याला जे बदलायचंय, ते हे आहे.”

हॉल हसला. मी मेंढरं राखणाऱ्या घरातली आहे. आजोबांपर्यंत कळप होता, वडिलांनी तो विकून कोरडवाहू रान कसलं. साहेबांना हे माहीत नसावं. किंवा असावं. हॉलमधल्या निम्म्या लोकांना तर माहीत होतंच, म्हणून ते जास्त हसले. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी हळूच मेंढीचा आवाज काढला.

आणि मी पण हसले. पदर तोंडाला लावून, मान खाली घालून हसले. साहेब हसतात म्हणून. सगळे हसतात म्हणून. बाकीच्यांचं हसू मी विसरून गेले असते. माझं स्वतःचं हसू अजून कानात आहे, भाकरीचा घास चावताना सुद्धा ऐकू येतं.

काम काय होतं ते सांगते. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याची कंपनी. दिवाळीनंतर शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर माल घेऊन येतात. आम्ही चार बाया उतरवण्याच्या जागी बसायचो. प्रत्येक पोत्यातून मूठभर बी काढायचं, हातावर खेळवायचं, एक दाणा दाताखाली धरायचा. कट्कन फुटून दोन डाळी झाल्या तर कोरडं. दबला, दाताला चिकटला, तर ओलं. कोरड्या पोत्यावर लाल खडूने ‘ब’ लिहायचा. ब म्हणजे बराबर. ओल्यावर ‘ओ’. ‘ओ’चं पोतं पत्र्याच्या शेडसमोरच्या खळ्यावर उन्हात जायचं, ‘ब’चं आत. अकरा वर्षं मी हेच केलं. माझा ‘ब’ कधी परत आला नाही.

औषध लावलेलं गुलाबी बी आम्ही कधी तोंडात धरलं नाही. तेवढी अक्कल आम्हाला होती. साहेबांनी ते कधी विचारलं नाही.

हे साहेब पुण्याहून आले होते, कंपनीत बदल घडवायला. तिशीतले. त्यांचं नाव आम्ही ‘बदलवाले साहेब’ असंच पाडलं होतं. ते आले आणि भिंतींवर पाट्या लागल्या, चहाची वेळ बदलली, सूचना टाकायला एक पेटी टांगली गेली. त्या पेटीत पहिल्या महिन्यात फक्त गुटख्याच्या पुड्या निघाल्या, त्यावरही एक मीटिंग झाली. बोलायला ते गोड. मला ‘मावशी’ म्हणायचे. कंपनीत झाडणारी, चहा देणारी, बी निवडणारी, सगळ्या मावशाच. नाव कुणालाच नसतं.

व्हिडिओनंतरच्या आठवड्यात ओल मोजायचं मशीन आलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. संध्याकाळपर्यंत माझा जबडा ठणकायचा. मशीनमध्ये वाटीभर बी ओतायचं, बटन दाबायचं, आकडा येतो. बाराच्या आत असला की ‘ब’, वर गेला की ‘ओ’. बटन दाबायचं काम सुपरवायझरचं. आम्ही फक्त ओतायचं आणि लिहायचं. मशीनला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती.

त्या दिवशी सकाळी मक्याचा माल होता. दुपारी सोयाबीनचा ट्रॅक्टर आला. सुपरवायझरने बटन दाबलं. साडेदहा. दुसरं पोतं, साडेदहा. तिसरं, पावणेअकरा. सगळं कोरडं. पण बी हातावर खेळवलं तर ते खुळखुळत नव्हतं. मी ट्रॅक्टरच्या मागे गेले. तोंड फिरवून, चोरी केल्यासारखा, एक दाणा दाताखाली धरला.

दबला.

मी परत येऊन मशीनच्या काचेकडे पाहिलं. आकड्याच्या वर पिकाचं नाव इंग्रजीत येतं. सातवी शिकले आहे, अक्षर अक्षर लावता येतं. सकाळी जे नाव होतं तेच होतं. सकाळपासून कुणी ते बदललंच नव्हतं. पोत्यात सोयाबीन होतं आणि मशीन मका समजून मोजत होतं.

साहेब तिथेच होते, दोन पाहुण्यांना प्लांट दाखवत. मी जवळ गेले.

“सायेब, मशीनवर मक्याचं नाव हाय. सोयाबीन मका समजून मोजून राह्यलं. माल ओला हाय.”

“मावशी, तुम्ही बटन दाबलं?”

“न्हाई. नाव वाचलं.”

“वाचलं?” त्यांनी पाहुण्यांकडे बघितलं. “आणि माल ओला आहे हे कशावरून?”

माझी जीभ आपोआप दातांवरून फिरली असावी, कारण साहेब एकदम हसले. “अच्छा. दातांनी सांगितलं. ऐका हो, आपल्याकडे मशीनपेक्षा हुशार दात आहेत!” पाहुणे हसले. सुपरवायझर हसला. मग साहेबांनी आवाज खाली आणला. “मावशी, तुमच्यासारख्यांमुळेच बदल अडतो. मशीन काय म्हणतं तेवढं लिहायचं. नाहीतर झाडायला माणसं कमीच आहेत.”

शेजारी बसणारी लक्ष्मीबाई मला कोपराने ढोसत म्हणाली, “लिव माय, लिव. आपल्याला काय करायचं.”

मी लिहिलं. एक ट्रॅक्टर पोती, प्रत्येकावर ‘ब’. नीट, ठळक. मी कुणाला दोष देऊ? खडू माझ्या हातात होता.

दुसरा दिवस नुसत्या मक्याचाच होता. तिसऱ्या दिवशी सुपरवायझरने गुपचूप मशीनवरचं नाव बदलताना मी पाहिलं. म्हणजे त्याला कळलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. ती पोती तोवर गोदामात शिरली होती. तेव्हा एक शब्द बोलले असते तरी चाललं असतं. मी बोलले नाही. मला परत मेंढी व्हायचं नव्हतं.

लॅबमध्ये उगवण तपासली तेव्हा ते बी उगवलं. ओल होती, पण जीव होता. मग अख्खा उन्हाळा ते पत्र्याच्या गोदामात थैल्यांत बंद राहिलं. आतल्या आत मेलं. बाहेरून थैली कोरी करकरीत, वर हसऱ्या शेतकऱ्याचं चित्र.

वैशाखात मी माहेरी केदारखेड्याला गेले होते. भाऊ गेल्यापासून रान भावजयच बघते. बी कोणतं घेऊ, तिने विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, “आमच्या कंपनीचं घे. माझ्या हातून गेल्यालं आसतंय.” अकरा वर्षांचा तोरा होता तो. त्या एका ट्रॅक्टरची मला आठवणच झाली नाही. किंवा झाली आणि मी ती दाबली. खरं काय ते मला आजही सांगता येत नाही.

पेरणीनंतर नवव्या दिवशी तिचा फोन आला. “आक्का, एकडाव येऊन जावा.” एवढंच. रविवारी भोकरदनच्या एसटीने गेले. शेजारच्या रानात दोन-दोन पानं वर आली होती, ओळी दिसत होत्या. हिच्या रानात काही नव्हतं. काळी माती, तिफणीच्या रेघा, मध्येच कुठं तरी एखादं रोप. ती बांधावर उकिडवी बसली होती. मी रेघेत बोट घातलं. दाणा सापडला. चिमटीत धरला तर लगदा झाला आणि कुजका वास आला.

थैलीवरचा लॉट नंबर मी वाचला. त्या ट्रॅक्टरच्या मालाचाच होता. चार महिने मी तो रोज गोदामाच्या दारावर वाचत होते.

भावजय रडली नाही, भांडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “दुकानदारानं दुसरी थैली दाखवल्ती. म्या म्हणलं, न्हाई, आमच्या आक्काच्या हातचीच द्या.” मग माझ्याकडे न बघता, “बराबर बघितलं व्हतं ना तुमी?”

“व्हय,” मी म्हणाले.

त्या रानात उभी राहून म्हणाले. हातात तो लगदा होता.

त्या दिवसापासून मला भरदिवसा ते रान दिसतं. कंपनीत खडू उचलला की दिसतं. टेम्पोतून येताना रस्त्याकडेला हिरव्या ओळी दिसल्या की त्यांच्यामागे ते काळं रान दिसतं. आणि तिचा प्रश्न ऐकू येतो. आणि माझा ‘व्हय’.

आणखी गावांतून तक्रारी आल्या. कंपनीने सांगितलं, खोल पेरलं असेल, पावसाने ओढ दिली असेल. साहेबांनी फळ्यावर आकडे काढून दाखवले की मशीन आल्यापासून आपली तपासणी किती जलद झाली. मग कार्यक्रम ठरला, बदलाला एक वर्ष झाल्याचा. सत्काराला कामगारांतून मी निवडले गेले. का, तर माझा व्हिडिओ होता. आधी कशी होते आणि आता कशी झाले. मला एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या, पाठ करायला. पहिली ओळ: ‘आधी मी अडाणीपणाने दाताने बी तपासत होते.’ मी टेम्पोत बसून पाठ केल्या. सगळ्या येत होत्या.

हॉल तोच. पडदा तोच. साहेबांनी व्हिडिओ लावला, थुंकताना थांबवला, लोक हसले. “आणि आता बघा!” म्हणत त्यांनी मला स्टेजवर घेतलं, हातात गुच्छ दिला, माईक दिला. माझ्यामागे माझं तोंड एवढं मोठं. मी मागे वळून त्याच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं. ती बाई काम करत होती. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

“त्ये बंद करा,” मी माईकवर म्हणाले. “त्ये माझं तोंड हाय.”

साहेब पुढे झाले. मी बोलत सुटले. “गेल्या साली सोयाबीन आल्तं ते ओलं व्हतं. मशीनवर मक्याचं नाव व्हतं. म्या सायेबाला सांगितलं. सायेब हसले. मंग म्या भिऊन ‘ब’ लिवला. माझ्या भावजयीच्या रानात त्ये उगवलं न्हाई. अजून कुठं कुठं उगवलं न्हाई, तुमा सगळ्यांला म्हाईत हाय.”

माईक बंद केला गेला. आवाजाची मला सवय आहे, मशीनच्या घरघरीत आम्ही ओरडूनच बोलतो. शेवटचं वाक्य मी माईकशिवाय परत म्हणाले. कुणी हसलं नाही. टाळीही पडली नाही. लक्ष्मीबाई पायांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावलं. कागद तयार होता. स्टेजवर घाबरल्यामुळे माझ्याकडून चुकीची माहिती सांगितली गेली, असा. साहेब चिडले नव्हते, थकलेले दिसत होते. “मावशी, सही करा. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.”

“म्या तुमची मावशी न्हाई,” मी म्हणाले. “आन् मशीन काढा असं बी म्हनत न्हाई. मशीन ठिवा. त्याच्यावर पिकाचं नाव मराठीत येऊ द्या. आन् जी बाई तपासती तिला ‘थांबा’ म्हनायचा हक्क द्या. तिनं थांबा म्हनलं की ट्रॅक्टर थांबला पायजे. बस, एवढाच बदल.”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. “हे ठरवणं माझ्या हातात नाही,” म्हणाले. मला वाटतं ते खरं बोलले. मी सही केली नाही. मला गोदाम झाडायला लावलं, चौथ्या दिवशी गेटवरच सांगितलं की आता गरज नाही.

मग मी केदारखेड्याला गेले आणि भावजयीला सांगितलं. सगळं. ट्रॅक्टर, खडू, आणि बांधावरचा ‘व्हय’ खोटा होता तेही. ती चहा ठेवत होती. तिने भांडं चुलीवरून उतरवलं, चहा ओतला नाही. आत गेली, रिकामी थैली आणली आणि माझ्यासमोर टाकली. “ज्याला दाखवायचं त्याला दाखवा. आता आमच्या घरी येऊ नका.” अजून ती माझ्याशी बोलत नाही. बोलावं असं मी मागणार पण नाही.

थैली घेऊन मी भोकरदनच्या कृषी कार्यालयात गेले. अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला होता. पान भरून. बाबूने वाचला, पुन्हा वाचला. कुणाविरुद्ध तक्रार, या जागी त्याने बोट ठेवलं. तिथे पहिलं नाव माझं होतं. मग साहेबांचं. मग कंपनीचं.

“बाई, तुम्ही तक्रारदार का गुन्हेगार?”

“दोन्ही.”

“असं चालत नाही. एक काहीतरी लिहा. तुमचं नाव खोडा, बाकी घेतो मी.”

“खोडनार न्हाई,” मी म्हणाले. “माझं नाव खोडलं की उद्या त्ये सायेबाचं बी खोडतेल. हाय तसा घ्या, आन् शिक्का मारा.”

तो जेवायला उठला. मी समोरच्या बाकावर बसले. तो परत आला तेव्हा मी तिथेच होते. संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी त्याने शिक्का मारला, आणि मी त्याला चौकशीच्या तारखेला कोणत्या खोलीत यायचं ते विचारलं.