दांड्यांच्या खोलीतले दोघे

एकतीस वर्षं कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या माणसाला सगळे पायवाले काका म्हणत. पश्चिमेकडच्या एका शहरातल्या इस्पितळाच्या तळमजल्यावर त्यांची कार्यशाळा होती. प्लास्टरचे साचे, कानशी, चामड्याचे पट्टे, आणि शेजारच्या खोलीत चालण्याच्या सरावासाठी कमरेएवढ्या उंचीच्या दोन लोखंडी दांड्या. काका अबोल. "कुठे टोचतंय?" एवढ्या दोन शब्दांवर त्यांचा अख्खा दिवस निघायचा. काकू म्हणायच्या, "घरी आले की आधी माझ्या चपलांची झीज बघतात, मग माझ्याकडे."

त्या वर्षी एकाच महिन्यात दोघंजण आले. दोघांचाही डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. एक होता इथलाच सैनिक, तिशीच्या आतला. दूरच्या एका मुसलमान देशात लढायला गेला आणि सुरुंगावर पाय पडला. दुसरे त्याच देशातले मास्तर, साठीचे, शाळेत इतिहास शिकवणारे. भरबाजारात विमानातून बॉम्ब पडला, त्यात पाय गेला आणि बायकोही गेली. आता ते इथे लेकीकडे राहायला आले होते.

काका शहाणे. त्यांनी दोघांना वेगवेगळे वार दिले. पण पुढे सरावाची खोली आठवड्यातून एकदाच उघडायची असं ठरलं, आणि एका मंगळवारी दोघं समोरासमोर आले.

"तुमच्या माणसांनी आमच्या शहरात स्फोट केले नसते, तर मी तिकडे कशाला तडमडलो असतो?" सैनिकाने तोंड उघडलंच.

"माझी माणसं? माझी माणसं पाचवीच्या वर्गात बसून सनावळ्या पाठ करत होती," मास्तर म्हणाले. "आणि स्फोटांच्या आधी काय झालं तेही विचार. आमच्या सीमा कोणी आखल्या? परक्या राजधानीत बसून, पट्टी धरून! जमिनीखाली तेल निघालं, तेव्हा आमच्या डोक्यावर राजा कोणी बसवला?"

"तो राजा मरून चाळीस वर्षं झाली. पोरींना शाळेतून कोण हाकलतं? चित्र काढलं म्हणून माणसं कोण मारतं? तेही आम्हीच का?"

"नाही. ते आमचंच पाप. त्यावर बोललो म्हणून माझी नोकरी गेली. पण त्या लोकांच्या हातात पहिली बंदूक कोणी दिली?"

"तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीच्या आधीची गोष्ट तयारच असते!"

"इतिहास शिकवायचो बाबा. दुसरं काय असणार?"

काका खाली बसून पट्टा आवळत होते. रविवारी मेहुणा जेवायला आला. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. "यात काय कळायचंय? आपण पाश्चिमात्य, ते मुसलमान. त्यांना आपली मोकळीक बघवत नाही, संपलं." एरवी काका मान डोलावून मोकळे व्हायचे. त्या दिवशी म्हणाले, "दोघांचीही कारणं बऱ्यापैकी खरी आहेत रे. तिथेच तर घोडं अडलंय." मेहुण्याच्या हातातला घास हातातच राहिला.

मंगळवारची भांडणं चालूच राहिली. पण एकाला उशीर झाला की दुसरा दाराकडे बघू लागला. एकदा सैनिकाने भांडता भांडता मध्येच विचारलं, "मास्तर, तुमचाही दुखतो का? नसलेला?"

"पहाटे. बोटं मुडपल्यासारखी वाटतात."

"माझी टाच."

मग एका मंगळवारी सैनिकाने त्यांचं शहर विचारलं, बॉम्ब पडला ती तारीख विचारली. मास्तरांनी सांगितली. सैनिकाचा चेहरा पांढराफटक पडला. "पट्टा काचतोय," म्हणत तो निघून गेला, आणि पुढचे दोन मंगळवार फिरकला नाही.

काका कधी कोणाच्या घरी जात नसत. या वेळी गेले. सैनिक स्वयंपाकघरात बसला होता, पाय काढून भिंतीला टेकवलेला.

"विमानांना जागा सांगायचं काम माझं होतं, काका. रेडिओवर नकाशातले आकडे द्यायचो. त्या दिवशी त्या शहरातल्या तीन जागा मी दिल्या. बाजार त्यात होता का, माहीत नाही. आकड्यांत बाजार दिसत नाही."

पायाचा पट्टा उसवला होता, तो काकांनी सवयीने तिथेच दुरुस्त केला. "मंगळवारी ये," म्हणाले आणि उठले.

मास्तरांना सांगावं की नाही, या विचाराने काकांची झोप उडाली. पण मास्तरांनीच विषय काढला. "तारीख ऐकून कोणाचा चेहरा उगीच असा पडत नाही. त्याला सांगा, सराव सोडू नको, मांडी सुकेल."

"म्हणजे माफ केलंत?"

"माफीचं नाव काढू नका!" मास्तरांचा आवाज चढला. "माझी बायको तिथे भाजी निवडत उभी होती. माफी वेगळी, सराव वेगळा."

सैनिक आला. दारातच म्हणाला, "तो मी होतो. कदाचित."

मास्तरांनी दांडी घट्ट धरली. "इतकी वर्षं मी राजांना, साहेबांना, पट्टीने सीमा आखणाऱ्यांना शिव्या घातल्या," ते म्हणाले. "समोर तू निघालास. तेही कदाचित." मग सावकाश दांड्यांमधून बाहेर आले. "चल, तुझी पाळी."

मास्तरांना पाय चांगला बसला. पुढे क्वचित पट्टा बदलायला ते कार्यशाळेत यायचे, पण मंगळवार टाळून. सैनिक दर खेपेला विचारायचा, "मास्तर येऊन गेले का?"

"सोमवारी आले होते," काका सांगायचे. "काठी सोडलीय त्यांनी."

सैनिक मान हलवायचा आणि चालायला लागायचा.